डाक्टरीणबाईचा बाप

संपत खोटारडा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याला फक्त घाई फार. जे अजून व्हायचंय ते झालंच असं धरून तो बोलायचा. आष्टीच्या रस्त्यावर लांब धूळ दिसली की ‘आली, यष्टी आली’ म्हणून फाट्यावरच्या लोकांना पिशव्या उचलायला लावायचा, अन् धुळीतून निघायचा गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा, बद्रीनाथचा ट्रॅक्टर. लोक बडबडत पुन्हा बसायचे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं त्याची बायको सोनूबाई लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, ‘बाशिंग बांधलं म्हणून तर लग्न लागलं.’

त्याची एकुलती एक पोरगी बेबीनंदा. दहावी चांगली निघाली अन् ती परतूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेली. तिथं तिनं बायलॉजी घेतली. बायलॉजी ही काय चीज आहे ते संपतला बियाण्याच्या कंपनीच्या सुपरवायझरनं सांगितलं. प्लॉटच्या बांधावर उभा राहून तो म्हणाला, ‘डॉक्टर व्हायचं असेल तर बायलॉजी घ्यावी लागते.’ यात चूक काही नव्हतं. संपतनं ते उलटं करून घरी नेलं. बायलॉजी घेतली म्हणजे डॉक्टर होतंय. त्याच संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात त्यानं भेटेल त्याला चहा पाजला, अन् दुसऱ्या दिवशी बेबीनंदा हंडा घेऊन निघाली तर वाटेतल्या म्हातारीनं हाक मारली, ‘डाक्टरीणबाई, माझा गुडघा पाह्य की जरा.’

जालना जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, अन् त्या भागात कापसाच्या बियाण्याचे प्लॉट जोरात होते. संकरित बियाण्याला माणसाचा हात लागतो. मादीच्या ओळींत उद्या उमलणाऱ्या कळ्या बायांनी संध्याकाळी सोलायच्या, आतलं केसर काढून टाकायचं, अन् सकाळी नराचं फूल तोडून त्या सोललेल्या कळीच्या टोकाला हलक्या हातानं लावायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणत. सोललेली कळी एकच सकाळ वाट पाहते. तेवढ्यात हात लागला नाही तर गळून जाते. म्हणून क्रॉसिंगच्या दिवसांत सण असो की सुतक, प्लॉट रिकामा ठेवता येत नसे. बद्रीनाथच्या प्लॉटवर बायांची टोळी घेऊन जायचं काम संपतकडं होतं. ‘फूल कुणासाठी थांबत न्हाई’ असं म्हणत तो बायांना अंधारातच उठवायचा.

बेबीनंदाची बोटं लहानपणापासून या कामात होती. अकरावीच्या वर्गात परागीभवनाचा धडा आला तेव्हा पुस्तकात तिला आपलीच संध्याकाळ भेटली. कळी का सोलायची, केसर ठेवलं तर काय बिघडतं, हे तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. सोलायची म्हणून सोलायची. आता त्या सोलण्याला कारण मिळालं अन् तिला फार बरं वाटलं. तेव्हापासून तिला या विषयाचा लळा लागला. डॉक्टरकीचा नाही, विषयाचा. हा फरक बापाला सांगायचा कसा, एवढंच तिला कळत नव्हतं.

बारावीला मार्क कमी पडले. थोडेथोडके नाही, मेडिकलच्या दारातून आतही पाहता येऊ नये इतके. बेबीनंदानं परतूरलाच बीएस्सीला नाव घातलं, अन् घरी येऊन चुलीपाशी बसून बापाला नीट सांगितलं, ‘बाबा, हे डॉक्टरचं शिक्षण न्हाई. झाडं अन् प्राणी शिकायचेत. तीन वर्षांनी पदवी मिळंल, पण डॉक्टर न्हाई व्हणार.’

संपतनं सगळं ऐकून घेतलं. परतूरला रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून एक्स्प्रेस जाते अन् पॅसेंजरही जाते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ‘एक्स्प्रेस हुकली, बराबर?’ तो म्हणाला. ‘मंग आपून पॅसिंजरनं जाऊ. दर टेशनाला थांबंल, उशीर लागंल. पण जालना तर येतंयच ना?’

‘बाबा, ही गाडी जालन्याला जातच न्हाई.’

‘जाती. तू बस तर खरी.’

तिनं आईकडं पाहिलं. सोनूबाई भाकरी थापत होती. ‘त्याला सांगण्यापरीस भिताडाला सांग,’ ती म्हणाली. तो विषय तिथंच राहिला, अन् पुढं दोन वर्षं तसाच राहिला.

पण संपतला नुसता हट्टी म्हणून सोडून देणं बरोबर नाही. त्याच्या जिवाला ‘डॉक्टर’ या शब्दानं काय दिलं होतं तेही पाहायला हवं. त्याचं घर भीमनगरात. वस्तीच्या तोंडाशी एक लिंब आहे. बद्रीनाथच्या घरचं माणूस मजूर सांगायला आलं की त्या लिंबाखाली उभं राहून हाक मारायचं, ‘ए संपत.’ संपत बाहेर जायचा. बापाच्या काळापासून हेच चाललेलं होतं अन् त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते वावगं आहे हे फक्त संपतला वाटायचं, अन् तो ते कुणाला बोलायचा नाही.

बेबीनंदा बीएस्सीला गेली त्या दिवाळीत बद्रीनाथची आई झुंबरबाई लिंब ओलांडून आत आली. तिच्या पायांना मुंग्या येत होत्या. संपतच्या ओट्यावर बसली, पोरीपुढं पाय लांब केले, अन् सोनूबाईनं भीतभीत पुढं केलेला चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायली. कप खाली ठेवताना ‘साखर जरा जास्त झाली’ असंही म्हणाली. तिच्यामागून आणखी बाया येऊ लागल्या. बद्रीनाथ त्याला संपतराव म्हणू लागला. संपत त्या ओट्याला दर आठवड्याला सारवून घ्यायचा अन् सोनूबाई साखरेच्या डब्याकडं पाहून उसासे टाकायची.

बेबीनंदा प्रत्येकीला एकच सांगायची, सरकारी दवाखान्यात दाखवा. बाया म्हणायच्या, पोरगी गुणाची, उगं हात लावत नाही. अन् संपत शेजारून खुलासा करायचा, ‘अजून परवाना यायचाय तिचा.’

परवाना जवळ यावा म्हणून तो पडेल ते करायला तयार होता. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला बेडूक फाडायचे होते अन् कॉलेजात बेडकांची टंचाई पडली. बेबीनंदानं घरी सहज बोलून दाखवलं. संपतनं बद्रीनाथच्या विहिरीवर आपली सगळी टोळी उतरवली अन् ओल्या पोत्यात बेडूक भरून ते पोतं यष्टीनं परतूरला नेलं. वाटेत पोतं हलताना पाहून कंडक्टरनं विचारलं, ‘काय आहे त्याच्यात?’ संपत छाती पुढं काढून म्हणाला, ‘डाक्टरकीचं सामान.’

पोतं उतरवून घ्यायला प्राणिशास्त्राचे भुजंग सर स्वतः आले. भुजंग नावाचा माणूस साप शिकवतो याचं पोरांना फार कौतुक होतं, अन् सरांनाही ते माहीत होतं. त्यांनी संपतला खुर्ची दिली, चहा मागवला. संपतनं खिडकीतून आत पाहिलं. बेबीनंदा पांढरा कोट घालून, मेणाच्या ताटलीत उताणा टाचलेला बेडूक कात्रीनं उघडत होती. तिचा हात जराही हलत नव्हता. संपतच्या डोळ्यांत पाणी आलं. आज बेडूक आहे, उद्या माणूस, असा त्याचा सरळ हिशोब होता.

गंमत अशी की या सगळ्या शौर्यात त्याच्या स्वतःच्या अंगावर यायची वेळ आली तेव्हा त्यानं पळ काढला. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा होता. सुटीत घरी आलेल्या बेबीनंदानं सरावासाठी बापाचं बोट मागितलं. सुई पाहून संपत म्हणाला, ‘मला प्लॉटवर जायचंय, जल्दी हाय.’ संध्याकाळ होईस्तोवर तो घरी फिरकला नाही. शेवटी सोनूबाईनं बोट दिलं. ‘हे घे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या बापाचं रक्त तोंडात असतंय, बोटात न्हाई.’

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला भुजंग सरांनी तास घेतला नाही, नुसते टेबलाला टेकून उभे राहिले. ‘बीएस्सी झाल्यावर काय करणार?’ असं वर्गाला विचारलं. मग सरच बोलले. बीएड करून शाळेत जाता येईल. एमएस्सीला औरंगाबाद आहे. ज्याला गोड बोलता येतं त्यानं औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसावं. जालन्याला बियाण्याच्या कंपन्या आहेत, त्या शेतकीवाल्यांना आधी घेतात पण प्रयोगशाळेत आपल्यालाही जागा असते. अन् एक वर्षाचा कोर्स आहे, रक्त, लघवी, थुंकी तपासायचा. तो केला की दवाखान्यात तंत्रज्ञ होता येतं. ‘एक लक्षात ठेवा,’ सर म्हणाले. ‘मेडिकल हुकलं म्हणून तुम्ही उरलेला माल नाही. मीही हुकलेलाच आहे. वाईट वाटतं काही दिवस. मग काम आवडायला लागतं.’

बेबीनंदाला ते शेवटचं वाक्य वसतिगृहापर्यंत पुरलं. कोणता रस्ता आपला, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. काचेवरचा आईच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली पाहिला तेव्हा तिला कितीतरी वेळ डोळा काढावासा वाटला नव्हता. तो एक वर्षाचा कोर्स करायचा. पण तो होता औरंगाबादला, अन् तिथं पाठवायला बापाला राजी करायचं, म्हणजे आधी ‘डॉक्टर’ हा शब्द त्याच्या तोंडातून काढून घ्यायचा. अन् त्या शब्दावर त्याचा ओटा उभा होता. झुंबरबाई चहा पिताना बापाचा चेहरा कसा होतो ते तिनं पाहिलं होतं. पोळ्याच्या सुटीला गेले की सांगीन, असं तिनं ठरवलं.

पोळ्याच्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत. गावात सकाळपासून बैल धुणं, शिंगं रंगवणं चाललं होतं. पण कळ्या आदल्या संध्याकाळी सोललेल्या होत्या, तेव्हा संपतची टोळी प्लॉटवर होतीच. सणाला मोकळं राहावं म्हणून बद्रीनाथनं आदल्याच संध्याकाळी, कळ्या सोलून बाया बांधावर आल्या न आल्या तोच, औषध मारून घेतलं होतं. सकाळी पानं ओली होती अन् उग्र वास नाकात बसत होता. एकदोघी कुरकुरल्या. संपत म्हणाला, ‘पदर बांधा तोंडाला. फूल कुणासाठी थांबत न्हाई.’

उन्हं वर आली अन् पुष्पाबाई ओळीतच खाली बसली. टोळीतली ही सगळ्यांत जुनी बाई, कधी बसणारी नव्हे. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. बाया घाबरल्या. संपतनं विहिरीवरची बाज उचलून आणली, पुष्पाबाईला तीवर घातलं, अन् शेजारच्या रानातल्या गड्यांना हाक मारून चौघांनी खांदा देत बाज गावाकडं पळवली.

गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो. डाव्या हाताला बद्रीनाथचं घर अन् दारात त्याची जीप. उजव्या हाताला लिंब अन् भीमनगर. बाज तिथं क्षणभर थांबली. खांदेकऱ्यांतल्या एकानं विचारलं, ‘जीपकडं?’

‘उजवीकडं घ्या,’ संपत म्हणाला. ‘बेबी आल्ती कालच. घरीच हाय.’

त्याला पुष्पाबाईची काळजी नव्हती असं नाही. घामानं अन् भीतीनं तो स्वतःच अर्धा झाला होता. पण त्याला खरोखरच वाटत होतं की घरात डॉक्टर आहे. अन् त्या वाटण्याच्या तळाशी, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती. सगळ्या गावासमोर बाज आपल्या ओट्यावर उतरेल, आपली पोरगी पुढं होईल, अन् मग कुणी पुन्हा लिंबाखालून हाक मारणार नाही.

बाज ओट्यावर उतरली. मागोमाग माणसं जमली. बैल सोडून लोक आले, बद्रीनाथ रंगानं माखलेले हात घेऊन आला. बेबीनंदा घरातून धावत बाहेर आली अन् तिनं पुष्पाबाईकडं पाहिलं. तिच्या लुगड्याला औषधाचा उग्र वास येत होता.

‘बेबी, पाह्य जरा,’ संपत म्हणाला. ‘सरका रे, तिला पाहू द्या.’

सगळे सरकले. तिच्याभोवती मोकळी जागा झाली अन् त्या जागेत ती एकटी उभी राहिली. दोन वर्षं तिनं ही गोष्ट चुलीपाशी सांगितली होती, ओट्यावर हळू आवाजात सांगितली होती. आता ती ओरडली.

‘मी डॉक्टर न्हाई. मला काही येत न्हाई. इथं कशाला आणलं हिला? जीप काढा.’

कुणी हललं नाही. संपत म्हणाला, ‘अगं, परवाना नसला तरी...’

‘बाबा, परवाना येणारच न्हाई मला. कधीच न्हाई. ती मरंल इथं. कोणतं औषध मारलं काल? डबा कुठंय?’

बद्रीनाथ जीपकडं पळाला. कुणीतरी सायकलवर प्लॉटला जाऊन डबा आणला. डब्यावर चिकटवलेला कागद बेबीनंदानं वाचला. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा, डबा डॉक्टरला दाखवा, असं त्यावर छापलेलं होतं. त्या कागदाबाहेर तिला काही ठाऊक नव्हतं अन् तसं ती बोलूनही दाखवत होती. बायांनी आडोसा धरला. सोनूबाईनं पुष्पाबाईचं औषधानं भिजलेलं लुगडं सोडलं, हंड्यानं पाणी ओतून अंग धुतलं, अन् तिला आपल्या पेटीतलं ठेवणीतलं लुगडं गुंडाळलं. जीप निघाली तेव्हा पुष्पाबाईचे डोळे उघडे होते पण ती कुणाला ओळखत नव्हती.

परतूरच्या डॉक्टरांनी डबा पाहिला अन् पुढचं काही न विचारता सुया सुरू केल्या. दुपार टळली तेव्हा ते बाहेर आले. ‘धरून आहे. रात्र गेली की सांगतो,’ म्हणाले. मग घड्याळाकडं पाहून विचारलं, ‘सकाळी बसली म्हणता खाली. गावात जीप होती. मग एवढा उशीर का?’

बद्रीनाथनं खाली पाहिलं. संपत उठून उभा राहिला. ‘आधी माझ्या घरी नेलं, साहेब.’

‘तुमच्या घरी काय होतं?’

डॉक्टरांनी रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. संपतनं तोंड उघडलं अन् आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढचा शब्द सापडला नाही. डॉक्टर थोडं थांबून निघून गेले.

बापलेक दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. बेबीनंदाला बापाचा राग आला होता, अन् त्याच वेळी तो असा गप्प बसलेला तिला पाहवत नव्हता.

‘तू सांगितलं व्हतंस,’ शेवटी संपत म्हणाला. ‘चुलीपाशी. मला वाटलं, पॅसिंजर हाय.’

‘पॅसिंजरच हाय, बाबा. पण दुसऱ्या गावाला जायलीय.’

‘कोणत्या?’

तिनं व्हरांड्याच्या टोकाला असलेली खोली दाखवली. दार उघडं होतं. आत एक माणूस स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकात डोळा घालून होता. त्याच्या बाजूला काचेच्या पट्ट्या वाळत ठेवल्या होत्या. ‘ते करायचंय मला. रक्त तपासायचं. ताप आला की कशाचा ताप ते काचेवर दिसतं. औरंगाबादला एक वर्ष शिकावं लागंल.’

संपत त्या माणसाकडं पाहत राहिला. त्याच्या दारात गर्दी नव्हती. कुणी त्याच्या पाया पडत नव्हतं. एक शिपाई येऊन टेबलावर काहीतरी ठेवून गेला, त्यानं मानही वर केली नाही.

‘याला काय म्हणतेत?’

‘टेक्निशियन.’

संपतनं तो शब्द तोंडातल्या तोंडात फिरवून पाहिला. तो बसेना. मग त्यानं विचारलं, अन् विचारताना पोरीकडं पाहिलं नाही, ‘अशानं लोक घरी येतील का गं?’

खोटं बोलणं सोपं होतं. ‘न्हाई येणार, बाबा,’ ती म्हणाली. ‘घरी न्हाई. दवाखान्यात येतील.’



पुष्पाबाई वाचली. आठवडाभरानं घरी आली, अन् आल्या आल्या सोनूबाईचं लुगडं धुऊन, घडी करून परत दिलं. पण संपत त्याच्या आधीच चौकात गेला होता. दवाखान्यातून गावात उतरला तो थेट हॉटेलात. चहा मागवला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, ‘माझी बेबी डाक्टर न्हाई अन् व्हणार बी न्हाई. मीच उलटं सांगत व्हतो. कुणी आजारी पडलं तर माझ्या दारात आणू नका. बिलकुल आणू नका.’

बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘मंग एवढी वर्षं चहा कशाचा पाजला रे?’ हशा झाला. संपतही हसला असता, पण त्याला जमलं नाही.

मग तो बद्रीनाथकडं गेला अन् म्हणाला, ‘औषध मारलं की दुसऱ्या दिवशी माझ्या बाया प्लॉटात उतरणार न्हाईत.’ बद्रीनाथनं भुवया वर केल्या. ‘फूल थांबत न्हाई म्हणणारा तूच ना?’

‘गळू द्या फूल,’ संपत म्हणाला. बद्रीनाथनं दुसरा मुकादम पाहतो म्हणून धमकावलं, पण टोळी संपतची होती, अन् पुष्पाबाईला बाजेवर पाहिलेली एकही बाई दुसऱ्याबरोबर जायला तयार झाली नाही. पुढं औषध क्रॉसिंग नसेल तेव्हाच मारायचं असं ठरलं.

ओट्यावर मात्र कुणी येईनासं झालं. बद्रीनाथचा माणूस पुन्हा लिंबाखालून हाक मारू लागला, अन् हाकेतला ‘राव’ गळून पडला. झुंबरबाई वाटेत दिसली तर ओळख द्यायची, पण पावलं लिंबापाशी वळायची नाहीत. संपतला ते लागलं. गावानं आपल्याला फसवलं की आपण गावाला, हे त्याला नीट ठरवता येईना. सोनूबाई म्हणाली, ‘चला, साखर तरी वाचली.’ पण ओटा ती पूर्वीसारखाच दर आठवड्याला सारवत राहिली, अन् का ते त्यानं विचारलं नाही.

बेबीनंदा औरंगाबादला गेली, शिकली, अन् मग थोडे दिवस एका खाजगी लॅबमध्ये राबून सरकारी नोकरीत लागली. आधी तीर्थपुरीच्या बाजूला होती. नंतर बदली होऊन आष्टीकडच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या आरोग्य केंद्रात आली. तिला एक लहानशी खोली मिळाली. खिडकीपाशी टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, बाहेर लाकडी बाक. हिवतापाचे दिवस आले की त्या बाकावर बसायला जागा मिळत नसे. संपतचे गुडघे आता प्लॉट ओलांडू देत नव्हते. तो दुपारी पोरीचा डबा घेऊन यायचा अन् बाकाच्या टोकाला बसून राहायचा. कुणाला काही सांगायचा नाही. विचारलं तर बोट दाखवायचा, ‘डाक्टर त्या खोलीत. रक्त हितं.’

एके दिवशी बद्रीनाथ आईला घेऊन आला. झुंबरबाई पार खंगली होती. दोन गोधड्या पांघरूनही तिचे दात वाजत होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. ‘आई, ही संपतची बेबी,’ बद्रीनाथ म्हणाला, अन् बाकावर संपतला पाहून जरा अवघडला.

बेबीनंदानं सुई काढली. झुंबरबाईनं हात गोधडीत ओढून घेतला. ‘मला न्हाई टोचायचं. मी काय आता जगून राह्यले का? राहू द्या.’ बद्रीनाथनं समजावलं, मग दटावलं. म्हातारी लहान पोरासारखी मुठी आवळून बसली.

संपत बाकावरून उठून आत आला. सुई दिसताच त्यानं आजही नजर वळवली. तो झुंबरबाईच्या शेजारी जाऊन बसला अन् त्यानं आपला हात टेबलावर ठेवला. ‘आधी माझं घे,’ तो म्हणाला. ‘या मायला पाहू दे.’

बेबीनंदानं बापाकडं पाहिलं. मग कापसानं बोट पुसलं अन् टोचलं. संपतनं डोळे गच्च मिटले होते. थेंब वर आला. तिनं तो काचेवर घेतला अन् दुसऱ्या काचेच्या कडेनं हलक्या हातानं पसरला, कळीला फूल लावावं तसा.

‘झालं?’ संपतनं डोळे न उघडता विचारलं.

‘झालं, बाबा.’

झुंबरबाईनं गोधडीतून हात बाहेर काढला. तिचंही रक्त घेऊन झालं. बेबीनंदा दोन्ही काचा घेऊन खिडकीकडं वळली, अन् बाहेर बाकावर येऊन म्हातारी संपतच्या शेजारीच बसली, कारण दुसरीकडं जागा नव्हती. बोटावरचा कापूस दाबत ती बराच वेळ आत पाहत होती.

‘संपत,’ ती म्हणाली, ‘लई वर्षं झाली रे. ही डाक्टर कवा व्हणार?’

बद्रीनाथ दुसरीकडं पाहू लागला. संपतनं उत्तर द्यायची घाई केली नाही. आत त्याची पोरगी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली होती, अन् तिचा हात जराही हलत नव्हता.

‘न्हाई व्हणार, माय,’ तो म्हणाला. ‘जे व्हायचं ते झाली ती.’